टोपणनावामागचं खरं नाव कोणी, कधी आणि कोणासमोर उघडायचं?

पडवी

गेल्या महिन्यात रजिस्टर्ड पोस्टाने एक जाडजूड पाकीट आलं. आमच्या इमारतीच्या विकसकाच्या वकिलांची नोटीस. मी एका ग्राहक-संकेतस्थळावर टोपणनावाने चार परिच्छेद लिहिले होते. दुसऱ्या पावसाळ्यातच भिंती गळायला लागल्या, भोगवटा प्रमाणपत्राचा पत्ता नाही, पार्किंगचे पैसे रोख मागितले, एवढंच. नोटिशीत माझं पूर्ण नाव, फ्लॅटचा क्रमांक आणि '१५ दिवसांत बिनशर्त माफी मागा, अन्यथा दिवाणी व फौजदारी कारवाई' अशी धमकी.

माफीचं नंतर बघू. मला पडलेला प्रश्न असा की यांना माझं नाव दिलं कोणी? संकेतस्थळाला मेल केला, ते म्हणतात आम्ही कोणाला काही दिलेलं नाही.

त्या निमित्ताने वाचत सुटलो आणि एएनआय विरुद्ध विकिमीडिया या खटल्यापाशी येऊन थांबलो. जुलै २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात २ कोटींचा दावा लावला. विकिपीडियावरच्या आपल्याविषयीच्या इंग्रजी लेखातला 'सरकारी प्रचाराचं साधन असल्याचा आरोप झाला आहे' अशा अर्थाचा मजकूर त्यांना बदनामीकारक वाटला. विकिमीडियासोबत संपादन करणाऱ्या तिघांनाही प्रतिवादी केलं. त्या तिघांची फक्त सदस्यनावं माहीत होती. २० ऑगस्टला न्यायालयाने सांगितलं, दोन आठवड्यांत त्यांची माहिती द्या. माहिती गेली नाही म्हणून अवमानाचा अर्ज आला आणि ५ सप्टेंबरच्या सुनावणीत न्यायमूर्ती म्हणाले की भारत आवडत नसेल तर भारतात काम करू नका.

मला खटकलं ते हे. मजकूर खरा की खोटा, याचा निवाडा व्हायच्या आधीच नाव मागितलं गेलं. हा क्रम आपल्याकडे कुठल्या कायद्यात लिहिलाय? जाणकारांनी सांगावं.

बोचरी सुई

सोपं आहे. खरं असेल तर नाव घालून लिहा, खोटं असेल तर लिहूच नका. धागा संपला.

काळा कोट

सुई, धागा इतक्यात संपत नाही.

पडवी, तुम्ही विचारलेला क्रम कुठेच लिहिलेला नाही, दुखणं तेच आहे. अब्रुनुकसानीच्या दाव्यात अनामिकाचं नाव केव्हा उघडावं यासाठी आपल्याकडे वेगळी ठरलेली कसोटी नाही. वादी न्यायालयात येतो, प्रतिवादी 'अशोक कुमार' असं लिहितो (हो, आपल्याकडे अज्ञात प्रतिवाद्याला हेच नाव देतात, खऱ्या अशोक कुमारांची क्षमा मागून) आणि पहिल्या-दुसऱ्या तारखेलाच कंपनीने खातेदाराची माहिती द्यावी अशी विनंती करतो. बऱ्याचदा ती मान्य होते. ज्याचं नाव उघडायचंय तो त्या दिवशी न्यायालयात नसतोच.

आता दोन्ही बाजूंच्या हातात असलेली हत्यारं बघा. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी निकालात खासगीपण हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खाली मूलभूत हक्क ठरवला. त्याला कात्री लावायची तर कायद्याचा आधार हवा, हेतू वैध हवा आणि कात्री गरजेपुरतीच हवी. झकास. पण १३ मे २०१६ ला सुब्रमण्यम स्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बदनामी हा फौजदारी गुन्हा म्हणून कायम ठेवला तो कशाच्या जोरावर? प्रतिष्ठासुद्धा त्याच अनुच्छेद २१ मध्ये येते म्हणून! एकाच घरातल्या दोन जावा, दोघींच्या हातात त्याच घराची किल्ली.

तुमच्या नोटिशीबद्दल:

नोटीस म्हणजे खटला नव्हे. मजकूर घाईने उडवू नका, आधी तारखेसकट त्याची प्रत काढून ठेवा. दिवाणी दाव्याला प्रकाशनापासून एक वर्षाची मुदत आहे. त्यात 'हे खरं आहे' एवढं सिद्ध झालं की पुरतं. फौजदारीत मात्र (पूर्वीचं कलम ४९९-५००, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६) खरं असणं पुरत नाही, ते लोकहितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं. मेकॉलेच्या काळातली पाचर आहे ती, अजून तशीच ठोकलेली. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, आणि नव्या संहितेत समाजसेवेचा पर्यायही आहे. गुन्हा अदखलपात्र आहे, त्यामुळे पोलीस परस्पर दारात येणार नाहीत. तक्रार दंडाधिकाऱ्यांकडे करावी लागते आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं. ही एक बरी गोष्ट झालीय.

तुमचं नाव कसं कळलं? लेखासोबत काही फोटो टाकला होतात का?

पडवी

हो. गळक्या भिंतीचा. खिडकीचं ग्रिल दिसतंय त्यात. पोपटी रंगाचं.

अख्ख्या इमारतीत पोपटी ग्रिल आमचं एकट्याचंच आहे.

खटपट्या

😂😂 विकसकाला न्यायालयाची पायरी चढायची गरजच पडली नाही.

जर्सीकर

मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. आमच्या राज्याने हा प्रश्न २००१ मध्येच सोडवायला घेतला होता म्हणून लिहितो. इथल्या डेंड्राइट नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीबद्दल याहूच्या चर्चाफलकावर निनावी लोक लिहीत होते, हिशेबात गडबड आहे वगैरे. कंपनीने नावं मागितली. न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने एका अनामिकाचं नाव द्यायला नकार दिला आणि नकार देताना पायऱ्या आखून दिल्या. आधी त्या अनामिकाला कळवा की तुझं नाव मागितलं जातंय, आणि त्याला विरोध करायला वेळ द्या. नेमकी कुठली वाक्यं बदनामीकारक आहेत ती दाखवा. दावा वरवर पाहता टिकणारा आहे हे पुराव्यानिशी सांगा. हे सगळं झाल्यावर न्यायाधीशाने दोन्ही पारडी तोलायची. डेंड्राइटला त्या मजकुराने आपलं नुकसान झाल्याचं दाखवता आलं नाही, तिथेच अडलं.

२००५ मध्ये शेजारच्या डेलावेअरने हीच रेघ पुढे ओढली. स्मिर्ना नावाच्या छोट्या गावातल्या एका नगरसेवकाने निनावी टीकाकाराचं नाव मागितलं होतं. न्यायालय म्हणालं, आधी पुरेसा पुरावा ठेव. कारण बऱ्याच जणांना भरपाई नकोच असते, नाव हवं असतं. नाव मिळालं की दावा थंड्या बस्त्यात, आणि मग गावात त्या माणसाचं काय होतं ते गावच जाणे.

अवांतर: इथे सगळं गुडीगुडी आहे असं नाही. १९९६ च्या कायद्यातल्या कलम २३० मुळे संकेतस्थळं जवळपास हात झटकून मोकळी होतात. ज्याची बदनामी झाली त्याच्यापुढे अनामिकाला शोधण्याखेरीज दुसरी वाटच उरत नाही.

सदाफुली

सगळे लिहिणाऱ्याच्या बाजूने बोलताय म्हणून लिहिते. नाहीतर या विषयावर लिहायची इच्छा नव्हती.

मी दंतवैद्य आहे, तालुक्याच्या गावी. दोन वर्षांपूर्वी एका रात्रीत दवाखान्याच्या नकाशावरच्या पानावर सात एक-तारा शेरे आले. सातही खाती त्याच आठवड्यात उघडलेली. 'सुया पुन्हा वापरतात', 'माझ्या आईला कावीळ झाली'. आमच्याकडे असे रुग्ण आलेलेच नव्हते, नोंदवह्या तपासल्या. पुढचे दोन महिने खुर्ची निम्मी रिकामी. दूरच्या एका वहिनीने फोन करून विचारलं, 'अगं, खरं आहे का गं ते?' ते सगळ्यात जास्त लागलं.

कंपनीला तक्रार केली, उत्तर आलं की आमच्या धोरणाचा भंग दिसत नाही, न्यायालयाचा आदेश आणा. पोलीस म्हणाले अदखलपात्र आहे, मॅडम. वकिलांनी दिल्ली-मुंबईच्या फेऱ्यांचा जो आकडा सांगितला तो ऐकून मी घरी आले आणि शेऱ्यांखाली सभ्य उत्तरं लिहीत बसले. कोणी केलं ते मला आजही माहीत नाही. संशय आहे, पण तो इथे लिहिला तर माझ्यावरच ३५६ लागेल.

तुमच्या न्यू जर्सीच्या पायऱ्या छान आहेत हो. मला पहिल्या पायरीपर्यंत तरी पोचू द्या.

काळा कोट

सदाफुलीताई, तुमचं दुखणं खरं आहे आणि त्याला कायद्यातही नाव आहे. २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं हे सगळ्यांना आठवतं. (त्या याचिकेचं एक निमित्त आपल्या पालघरचंच: नोव्हेंबर २०१२, बाळासाहेबांच्या निधनानंतरचा बंद, एका मुलीची फेसबुकवरची पोस्ट आणि ती आवडली म्हणणारी दुसरी, दोघींना अटक.) पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट ठरली. कोणीही 'हे काढा' म्हटलं की काढायची सक्ती कंपनीवर नाही. न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना आली की काढायचं. ती ढाल नसती तर पडवींचा लेख विकसकाच्या एका मेलवर उडाला असता. त्याच ढालीमागे तुमचे सात शेरेही उभे राहिले.

तरी तुमच्या प्रकरणात डेंड्राइटच्या पायऱ्या तुम्ही सहज चढला असता असं मला वाटतं. नेमकी वाक्यं आहेत, ती मतं नसून घटनेची विधानं आहेत, रुग्ण नव्हतेच हे नोंदवहीतून दाखवता येतं, नुकसान दिसतंय. कसोटी कडक असली म्हणून खरा पीडित मागे राहतो असं नाही, तो खर्चामुळे मागे राहतो.

खटपट्या

नाव 'उघडणं' म्हणजे नक्की काय, ते थोडं सांगतो. लोकांना वाटतं कंपनीकडे एक कपाट आहे आणि त्यात आधार कार्डं ठेवलीत.

कंपनीकडे असतो एक ईमेल, कधी फोन नंबर, आणि लॉगिनच्या वेळचे आयपी पत्ते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार खातं बंद केल्यावरही नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवावी लागते. तो आयपी घेऊन जायचं इंटरनेट पुरवणाऱ्याकडे. आता मोबाइलवर एकच आयपी पत्ता एकाच क्षणी शेकडो ग्राहक वापरत असतात. त्यामुळे नुसता आयपी असून भागत नाही, पोर्ट क्रमांक लागतो आणि सेकंदापर्यंत वेळ लागते. कंपनीची वेळ ग्रिनिचची, आपली साडेपाच तास पुढे. कारकुनाने बेरीज चुकवली की भलत्याच माणसाचं दार वाजतं.

हे हवेतलं बोलत नाही. २००७ मध्ये ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल कोणीतरी घाणेरडं टाकलं. पुणे पोलिसांनी बेंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला उचललं. इंटरनेट कंपनीने चुकीच्या ग्राहकाची माहिती दिली होती. तो पोरगा ५० दिवस येरवड्यात होता. काही केलं नव्हतं त्याने.

म्हणून 'नाव द्या' हा आदेश मला निरुपद्रवी वाटत नाही. नाव चुकू शकतं.

बोचरी सुई

ही एक चूक झाली म्हणून कायदाच नको का? तुम्ही स्वतः का लपताय ते सांगा की.

खटपट्या

मी कुठे लपलोय, माझी बायको हा धागा वाचतेय.

तलाठी नाही

सुई, मी सांगतो मी का लपतो. राज्य शासनाच्या नोकरीत आहे. १९७९ च्या वर्तणूक नियमांनी आम्हाला सरकारी धोरणावर जाहीर टीका करायला बंदी आहे. पण माझ्या गावातल्या पाणीयोजनेची पाइपलाइन कुठे संपते हे मला दिसतं, तुम्हाला दिसत नाही. टोपणनाव नसेल तर ते लिहिणारं कोणी उरत नाही. एवढंच.

जुनी वही

चर्चा फार दिल्ली-अमेरिकेची झाली म्हणून जरा कोल्हापूर.

१८८१-८२. केसरी आणि मराठा नुकतेच निघालेले. कोल्हापूरच्या अल्पवयीन महाराजांचा छळ होतोय आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असं या पत्रांनी छापलं. आधार होता हाती आलेल्या काही पत्रांचा. बर्व्यांनी मुंबईत अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली तरी चार महिन्यांची शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले आणि २६ ऑक्टोबर १८८२ ला सुटले. खटल्यात दहा हजारांचा जामीन उभा केला तो जोतीराव फुल्यांच्या खटपटीने, त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांच्याकडून. (मतभेद किती होते ते आठवा, मग याची किंमत कळते.)

या गोष्टीला दोन बाजू आहेत. पत्रं खोटी होती, म्हणजे सदाफुली म्हणतात तसं बर्व्यांचं खरंच नुकसान झालं. पण पत्रं दुसऱ्याची असूनही छापणारे आत गेले. तेव्हा मध्यस्थाला ढाल नव्हती.

तळटीप

मराठी विकिपीडियावर अधूनमधून संपादन करते. नद्या, गडकिल्ले, असलंच. एएनआयच्या प्रकरणानंतर आमच्या ओळखीतल्या दोघांनी जिवंत माणसांच्या लेखांना हात लावायचं सोडलं. चुका दिसतात, तरी सोडून देतात. हा परिणाम कुठल्या निकालपत्रात दिसणार नाही.

पडवींनी गोष्ट अर्धी सांगितलीय, उरलेली सांगते. त्या खटल्याबद्दल इंग्रजी विकिपीडियावर एक वेगळा लेख तयार झाला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये खंडपीठाने तोच काढायला लावला, म्हणजे खटला चाललाय हे सांगणारं पानच गायब. नोव्हेंबरमध्ये नावांबद्दल तोडगा निघाला: विकिमीडिया स्वतः त्या तिघांना समन्स पोचवणार, आणि त्यांचा तपशील न्यायालयाला बंद लिफाफ्यात देणार. पुढे ९ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने (न्या. ओक आणि न्या. भुयान) पान काढायचा आदेश रद्द केला. हे काढा, ते काढा असं माध्यमांना सांगणं हे न्यायालयाचं काम नाही आणि न्यायालयांनीही टीकेला खुलं राहिलं पाहिजे, असा रोख होता. लेख परत आला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. पण नीट बघा, सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला प्रश्न पानाचा होता. नावांचा प्रश्न त्याआधीच आपसात मिटला होता. म्हणजे पडवींनी विचारलं तेवढंच अनुत्तरित राहिलं.

एक गंमत. पूर्वी विकिपीडियावर लॉगिन न करता बदल केला तर आयपी पत्ता जगाला दिसायचा, आणि खातं उघडणारा झाकलेला राहायचा. सदस्य होणारा जास्त अनामिक.

काळा कोट

तळटीप, नेमकं धरलंत. बंद लिफाफा ही आपली देशी जुगाड-कसोटी आहे. नाव वादीला नाही, न्यायाधीशाला. ऐकायला बरं वाटतं. पण लिफाफा केव्हा फोडायचा याचा नियम नसेल तर तो फक्त जाडसर कागद आहे.

तरी त्याचा चांगला उपयोगही झालाय. २०१९ मध्ये लैंगिक छळाच्या आरोपांवरून एका नामवंत कलाकाराने दिल्लीतच ५ कोटींचा दावा केला, एका निनावी इन्स्टाग्राम खात्यावर. मजकूर काढायचा अंतरिम आदेश झाला, खातेदाराची माहिती बंद लिफाफ्यात मागवली, पण खातेदाराला नाव न सांगता वकिलामार्फत बाजू मांडू दिली. शेवटी तडजोड झाली. अनामिक प्रतिवादी लढू शकतो, हे त्यातून दिसलं. माझ्या मते यातूनच नियम काढता येईल: अनामिकाला आधी कळवा, वकिलामार्फत येऊ द्या, वादीचा पुरावा बघा, मग लिफाफ्याला हात लावा. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मजकुरावर सुनावणीआधीच सरसकट मनाई देऊ नका असं बजावलंय. मजकुराबद्दल जी सावधगिरी, ती नावाबद्दल का नको? मजकूर काढला तर परत लावता येतो. नाव एकदा बाहेर पडलं की परत लिफाफ्यात जात नाही.

सदाफुली

कळवायचं कोणाला? सात खात्यांचे सात ईमेल, सगळे आता मेलेले. तो आला नाही तर?

काळा कोट

कळवूनही आला नाही तर न्यायालयाने त्याची वाट बघू नये. पुरावा पुरेसा असेल तर नाव द्यावं. मी इथे पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. निनावी राहायचा हक्क आहे, पण समन्स चुकवण्याचा हक्क नाही.

बोचरी सुई

हे मात्र पटलं. पहिला प्रतिसाद अर्धा मागे घेतो.

जर्सीकर

अर्धा म्हणजे कुठला?

बोचरी सुई

'धागा संपला' तो.

पडवी

उशिरा आलो, क्षमस्व. काळा कोट यांनी व्यक्तिगत निरोपातून केलेल्या मदतीबद्दल आभार. नोटिशीला उत्तर गेलं. मजकूर खरा आहे, गळतीचे फोटो आणि महापालिकेचा माहिती अधिकारातला कागद सोबत जोडलाय, माफी मागणार नाही. पाच आठवडे झाले, तिकडून काही नाही.

दरम्यान आणखी अकरा फ्लॅटवाले तयार झाले. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर विकसकाने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असं रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. महारेराकडे अर्ज करतोय. बाराही जणांच्या सह्या आहेत, पूर्ण नावानिशी. पहिल्या सहीला कोणी धजेना. मग मीच केली, माझं नाव तसंही फुटलेलंच होतं.

खटपट्या

अभिनंदन. ग्रिल रंगवलंत का?

पडवी

नाही. शेजारच्या दोघांनीही पोपटी करून घेतलंय.